यंदा काय सोडलंस?

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

राग सोडायचा म्हणे! मटण नाही, मासे नाहीत, साखर नाही — राग.

काल पापनिवेदनाला बसले. नेहमीचंच सांगितलं. नवऱ्यावर ओरडले. नणंदेवर फोनवर ओरडले. सासूबाईंवर ओरडले, तेही ताट आपटून. कामावर डॉक्टरांच्या पाठीमागे त्यांना नको ते बोलले. जाळीपलीकडे आमचे फादर. नवीन आहेत, वयानं माझ्या धाकट्या भावासारखे. मग म्हणाले, "बाई, मटण सोडणं सोपं असतं. या उपवासकाळात राग सोडून बघा. ईस्टरपर्यंत कुणावर आवाज चढवायचा नाही." त्यांचं काय जातंय सांगायला! त्यांच्या घरी ना सासू, ना नवरा. पण तिथे घासाघीस करता येत नाही. हो म्हणून आले.

आज कपाळाला राख लावून बाहेर पडलो, तर पायऱ्यांवर दरवर्षीचा प्रश्न — यंदा काय सोडलंस? शेजारणीनं साखर सोडली. नवऱ्यानं सिगारेट सोडली. लेक परगावी शिकते, तिनं मोबाईलवरचे व्हिडिओ सोडल्याचं मोबाईलवरून कळवलं. मी म्हटलं, राग. शेजारीण हसत सुटली. नवरा तर खांबाला धरून हसला. तिथेच त्याला दोन शब्द ऐकवणार होते. गिळले.

म्हणून ही वही. कागदावर आवाज चढत नाही.

१९ फेब्रुवारी

नवऱ्यानं सिगारेट सोडली, म्हणून तो दिवसभर सगळ्यांवर खेकसणार. मी राग सोडला, म्हणून मी ते ऐकून घेणार. छान वाटणी आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सासूबाईंचं सुरू झालं.

त्यांचा उपवासकाळ आमच्यासारखा नाही. आम्ही शुक्रवारी मटण खात नाही, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला एकदाच जेवतो, झालं. त्यांचा त्यांच्या आजीकडून आलेला — ईस्टरपर्यंत रोज एकदाच जेवायचं, दुपारी. मटण-मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही, चहा कोरा. वय चौऱ्याहत्तर. अंगात साखरेचा आजार. त्यांच्या डॉक्टरनं तीनदा जेवायला सांगितलंय, रोजची गोळी बांधून दिलीय.

फादरांनी बुधवारी प्रवचनातच स्पष्ट सांगितलं होतं, साठीच्या पुढच्यांना आणि आजाऱ्यांना उपवासाची सक्ती नाही. सासूबाई पहिल्या बाकावर होत्या, एक अक्षर निसटलं नसणार. घरी आल्यावर म्हणाल्या, "साठीनंतर देवाचं आणि माझं नातं संपलं का? पेन्शनीत काढलं का मला त्यानं?"

नवरा कौतुकानं हसला. "आईची श्रद्धा आहे गं."

श्रद्धा आईची, आणि तिला चक्कर आली की धावायचं मी! हा लिफ्ट दुरुस्त करणारा, तेव्हा कुठल्या तरी इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असतो, फोनही लागत नाही.

बोलले नाही. बोलले नाही. बोलले नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज फादरांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं — उपवासकाळातले रविवार उपवासात धरायचे नाहीत, प्रत्येक रविवार म्हणजे छोटा ईस्टरच. माझे कान टवकारले. चर्चमधली मिस्सा संपल्यावर दारात गाठून विचारलं, "म्हणजे फादर, जे सोडलंय ते रविवारी चालतं?" बिचारे भोळेपणानं म्हणाले, "चालतं की."

घरी आले आणि चपला काढायच्या आधी सुरुवात केली. पलंगावरचा ओला टॉवेल. पांढऱ्या चादरीवरचे ग्रीसचे डाग. बुधवारचं ते खांबाला धरून हसणं. मग नणंदेला मुद्दाम फोन लावला, गेल्या नाताळातलं काहीतरी काढलं. नवरा गॅलरीत जाऊन उभा राहिला, आणि हातात सिगारेटही नाही!

दुपारी अशी झोप लागली, काय सांगू.

२५ फेब्रुवारी

मी दातांच्या डॉक्टरांकडे मागच्या खोलीत कवळ्या बनवते. डॉक्टर पुढे माप घेतात, मी मागे प्लॅस्टर, मेण आणि घासायच्या मशिनीत दिवस काढते. आज एक गृहस्थ तिसऱ्यांदा कवळी परत घेऊन आले. म्हणे, हसताना दात माझे वाटत नाहीत.

अहो, नाहीतच ते तुमचे! तुमचे तुम्ही तंबाखूनं घालवले!

पण मी म्हटलं, "बघते हं." डॉक्टर त्यांच्यादेखत मला म्हणाले, "जरा मन लावून करत जा." माप वाकडं कुणी घेतलं होतं? मन लावून घासलं मग. समोरचे दोन दात इतके घासले गेले की पुन्हा बसवावे लागले.

१ मार्च, रविवार

आठवडाभराचं सगळं मनात रांगेत लावून ठेवलं होतं. नवऱ्यापासून सुरुवात केली. तो झाल्यावर सासूबाईंकडे वळले. त्या आज रविवारीसुद्धा एकदाच जेवणार म्हणून बसल्या होत्या, आणि त्या एका जेवणात भात किती, तर मांजरानं चाटून टाकावा एवढा. माझा आवाज लागलाच होता, तेवढ्यात नवरा मध्ये पडला.

"आई रविवारपण धरते. तुझा उपवास सहा दिवसांचा, आणि सातव्या दिवशी व्याजासकट वसुली. याला उपवास म्हणतात का?"

थोबाडीत मारल्यासारखं झालं. कारण बोलला ते खरं होतं, आणि त्यानं बोलावं? सिगारेटचा वास लपवायला बडीशेपेची पाकिटं संपवणाऱ्यानं?

 सासूबाई चमचा हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. जिंकल्यासारख्या.

ठीक आहे. आजपासून मीपण रविवार धरते. अर्धा शब्द वर जाणार नाही. बघू या घरात कडक कोण आहे ते.

२ मार्च

एक शब्द नाही.

३ मार्च

आजही नाही. नवरा म्हणाला, घर किती शांत वाटतंय ना! जीभ चावली. खरोखरची चावली, जेवताना दुखतेय.

६ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट. चौदा ठिकाणी थांबायचं, प्रार्थना म्हणायची, गुडघे टेकायचे. बहुतेकजण वाकल्यासारखं करतात. सासूबाई प्रत्येक ठिकाणी दोन्ही गुडघे फरशीला टेकत होत्या, आणि दर वेळी माझ्या खांद्याला धरून उठत होत्या. नवव्या ठिकाणापासून त्यांची बोटं खांद्यात रुतायला लागली. मी मुकाट्यानं खांदा दिला.

बाहेर बायकांचा घोळका. "काय तुमची भक्ती हो!" एकीनं विचारलं, "यंदा अजून सुनेनं उपवास मोडायला नाही लावला?" सगळ्या हसल्या. दरवर्षी मीच यांच्या गप्पांना पुरते — संतासारख्या सासूला खायला घालणारी कजाग सून. सासूबाई हसल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यंदा तिला वेळ नाही."

वेळ नाही! खांद्यावर पाच बोटांचे वळ उठलेत माझ्या, आणि म्हणे वेळ नाही.

वाटेत एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावरही नाही. भांडी मात्र जरा जोरात घासली. भांड्यांबद्दल फादर काही बोलले नव्हते.

११ मार्च

सासूबाईंची कवळी वाजतेय. बोलताना टक् टक्. कवळी मीच केलेली, तीन वर्षांपूर्वी, आणि अशी घट्ट बसलेली की त्या तिच्यानं पेरू खायच्या. आज कामावर घेऊन गेले, जुन्या साच्यावर ठेवून पाहिली. चपखल. कवळीला काही झालेलं नाही. तोंड आटलंय.

घरी येऊन पाहिलं तर दुपारचा भात तसाच, फक्त ताटाच्या कडेनं पसरून खाल्ल्यासारखा केलेला. लहान मुलं करतात तसा. हे पाहून माझ्या कानशिलात जाळ झाला. तिथेच उभं राहून घर डोक्यावर घेतलं असतं.

नाही घेतलं. कवळीला आतून थर देऊन आणली, त्यांच्या हातात ठेवली, म्हटलं, "आई, बघा बसते का."

त्यांनी कवळी बसवली. मग म्हणाल्या, "आज मी चहापण नाही घेतला."

मी म्हटलं, "बरं."

फुशारकी मारतात! माझ्यासमोर येऊन, मुद्दाम!

१५ मार्च, रविवार

नणंदेचा व्हिडिओ कॉल. मोबाईल आईच्या तोंडासमोर धरायला लावला, मग म्हणते, "आईच्या चेहऱ्यावर काय तेज आलंय!" तेज नाही बाई ते, गालाची हाडं आहेत. "आई म्हणजे संत आहे. वहिनी, तू किती नशीबवान, घरात असं माणूस आहे." मग नेऊन ठेव तुझ्या घरी! तिच्याकडे आई गेल्या पाच वर्षांत दोन दिवस राहिल्या, तेही लिफ्ट बंद होती म्हणून उतरता आलं नाही.

मी म्हटलं, "हो ताई."

सगळ्यांना आवडायला लागलेय मी. नवरा शेजाऱ्यांना सांगतो, बायको बदलली. डॉक्टर म्हणतात, हल्ली तुमचं वागणं सुधारलंय. मेल्यावर माणसाबद्दल चांगलं बोलतात तसं बोलतात माझ्याबद्दल.

१९ मार्च

सासूबाई सकाळपासून तीनदा येऊन सांगून गेल्या, आज दुपारचंही नको, भूक नाही. पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या दारातून. मग मी कपडे वाळत घालत होते तिथे येऊन. मग मी पुस्तक घेऊन आडवी झाले तर पलंगाशी उभ्या. "नको म्हटलं मी. दुपारचंही."

"तुमची मर्जी, आई," म्हटलं. गोड आवाजात. ऐकून माझं मलाच कसंतरी झालं.

खरं लिहायचं तर एवढी संतापलेली मी आयुष्यात कधी नव्हते. ओरडायचे तेव्हा पाच मिनिटांत सगळं निवायचं. आता ते आतच शिजतंय. पण हरायचं नाही. त्या मोडत नाहीत तर मीही मोडणार नाही.

२२ मार्च, रविवार

चर्चमधल्या सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडानं झाकल्या. आता एकदम ईस्टरलाच उघडतील. सासूबाई झाकलेल्या मरियेसमोर किती तरी वेळ बसून होत्या. घरी येताना जिन्यात दोनदा थांबल्या. मी पिशव्या घेऊन पुढे गेले. मुद्दाम पुढे गेले, हेही लिहून ठेवते.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

मिस्सा लांबली. सासूबाई झावळी हातात धरून भिंतीला टेकूनच उभ्या होत्या.

दुपारी केर काढताना त्यांच्या उशीखाली गोळ्या सापडल्या. आठवडाभर घेतलेल्याच नाहीत. गोळी जेवणानंतर घ्यायची असते, आणि जेवणच नाही, मग गोळी कशाला — असा हिशोब!

नवऱ्याला सांगितलं. शांतपणे. शांतपणे सांगितलेलं या घरात कुणाला ऐकू जात नाही. मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "तूच सांग ना तिला, तुझं ऐकते ती." माझं? कधी ऐकलं?

गेले. पलंगाशी बसले. हलक्या आवाजात म्हटलं, "आई, उपवास करायचा तर करा. पण गोळी तरी घेत जा."

माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "एवढंच?" म्हणाल्या.

"एवढंच," म्हटलं मी.

मान हलवली. पाणी मागितलं, माझ्यासमोर गोळी घेतली. म्हटलं, सुटले बाई. आवाज न चढवता एक तरी गोष्ट झाली या घरात. फादरांना सांगायला हवं.

३१ मार्च, मंगळवार

सकाळी मोरीत पडलेल्या सापडल्या. अंग घामानं थबथबलेलं, डोळे उघडे पण ओळख नाही. नवऱ्याचा फोन लागला नाही. शेजारीण आणि मी, दोघींनी खुर्चीत बसवून खाली आणलं.

इस्पितळातली डॉक्टरीण पोरसवदा, पण आवाज खणखणीत. "साखर पार तळाला गेलीय. दोन दिवस पोटात काही नाही, आणि त्यावर साखर उतरवायची गोळी! रिकाम्या पोटी गोळी कुणी दिली यांना?"

मी दिली. गोड आवाजात दिली.

१ एप्रिल

शुद्धीवर आहेत. बोलतात. पण खात नाहीत. हाताला सलाईन लावलंय, तेवढ्यावर आहेत. सूप आणलं, तोंड मिटलं. पातळ भात आणला, मान वळवली. परिचारिकेनं लाडीगोडी लावली. नवरा पायाशी बसून रडला. आता ‘आईची श्रद्धा’ म्हणाला नाही.

नणंद दुपारी पोचली. वॉर्डाच्या दारातच मला धरलं — "वहिनी, तू घरात असून तुझं लक्ष नव्हतं?"

तेज दिसत होतं ना तुला! संत ना ती! हे सगळं जिभेच्या टोकावर आलं. दात दातांवर दाबून उभी राहिले. तिलाही नाही बोलले, आणि कारण उपवास नव्हता. कारण तिनं विचारलं ते बरोबर होतं. लक्ष होतं माझं. सगळं दिसत होतं — कवळी, भात, जिना. महिनाभर बघत होते, आणि माझा नेम मोडू नये म्हणून तोंड मिटून बसले होते. याला मी राग सोडणं म्हणत होते!

डॉक्टरीण म्हणाली, उद्यापर्यंत खाल्लं नाही तर परवा नाकातून नळी घालावी लागेल. या वयात नळी म्हणजे... 

२ एप्रिल, पवित्र गुरुवार

फादर आले. संध्याकाळी पाय धुण्याचा विधी होता, तरी वेळ काढून आले. पलंगाशी वाकून म्हणाले, "आजी, तुम्हाला पूर्ण सूट आहे. मी सांगतो ना. जेवा."

सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "सूट मागितली कुणी?"

बाहेर बाकड्यावर ते माझ्याशेजारी बसले. मी त्यांना सगळं सांगितलं, रविवारचं, पैजेचं, गोळीचं. ते बराच वेळ हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "बाई, मी राग सोडा म्हटलं होतं. काळजी सोडा नव्हतं म्हटलं."

"आमच्या घरी ती दोन्ही एकाच आवाजात येतात, फादर."

 फादर उठले, मला माफ करा म्हणाले, आणि विधीला गेले. त्यांचाही राग आला होता मला, पण त्या एका वाक्यानं निम्मा पंक्चर झाला. माणूस वाईट नाही. कोवळा आहे.

सूप पुन्हा परत गेलं.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

ओरडले.

परिचारिका नळी घेऊन आली, ती पाहिली आणि माझं मला कळलं नाही. अख्खा वॉर्ड उठून बसला. काय काय बोलले ते धड आठवतही नाही. मरायचंय तर मला विचारून मरा, मला दुसरं कुणी नाहीये या घरात भांडायला — असलं काहीतरी. नणंद म्हणाली, "वहिनी, आज गुड फ्रायडे आहे," तर तिलाही बाहेर काढलं.

सासूबाईंनी डोळे उघडले.

"किती उशीर केलास गं," म्हणाल्या. "दर साली तू ओरडतेस, मग मी जेवते. देवाला सांगता येतं, सून ऐकत नाही. यंदा वाट बघून थकले. येऊन येऊन सांगत होते तुला, तू आपली 'बरं' म्हणायचीस. मला वाटलं, सगळे काही ना काही सोडतात, यंदा तू मलाच सोडलंस."

मग तोंड उघडलं. मी सूप भरवायची इतकी घाई केली की पहिला चमचा उशीवरच सांडला.